रोजच्या सत्कृत्याची वही

माणसानं रोज एक चांगलं काम करावं, ते वहीत लिहावं आणि त्याखाली बाईंची सही घ्यावी, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो मला कधी भेटला नाही. भेटला असता तर विचारलं असतं, की बाबा, तुझ्या आईनं तुला इतकी वर्षं जेवायला घातलं, त्याखाली कुणाची सही आहे? पण हे आत्ता सुचतं. तेव्हा मी त्या वहीला देवाच्या पोथीला भ्यावं तशी भीत होते.

माझी लेक तेव्हा आठवीत होती. जव्हारच्या शाळेत गाईडचं पथक होतं, त्यात ती होती. गाईडमध्ये पायऱ्या असतात, त्यांना सोपान म्हणतात. पहिला सोपान, दुसरा, तिसरा, आणि तिसरा पार केला की राज्य पुरस्काराला बसता येतं. राज्य पुरस्काराचं प्रमाणपत्र असलं की डी.एड.ला नंबर लागायला मदत होते, असं अख्खं जव्हार म्हणायचं. नेमका कुणाचा लागला ते कुणाला सांगता यायचं नाही. पण मी सातवीत शाळा सोडलेली बाई. माझ्या कानावर 'प्रमाणपत्र' हा शब्द पडला की मी पदर सावरून उभी राहायचे. लेकीचा तिसरा सोपान त्या वर्षी झालाच पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. का, तर माझ्यासारखी ती अर्ध्यात राहू नये.

आम्ही मूळचे बीडकडचे. मालक एसटीत कंडक्टर, त्यांची बदली जव्हार डेपोला झाली आणि आम्ही ट्रंक, स्टोव्ह आणि लेकरू घेऊन या डोंगरावर आलो. आमच्याकडे मैलभर बघितलं तरी झाड दिसत नाही आणि इथं झाडामागं झाड. पहिला महिना मी घाबरूनच काढला. बोलणं कळायचं नाही. मी 'लेकरू' म्हटलं की शेजारणी हसायच्या. त्या काळात आम्हाला खोली दिली ती एका व्यापाऱ्यानं. पुढं त्याचं दुकान, मागं त्याचं घर आणि त्याच्याही मागं आमची खोली. त्याच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकूंनी आगाऊ पैसे मागितले नाहीत. लेकीचा दाखला आमच्या गावच्या शाळेतून आला नव्हता, तर काकूंच्या मालकांनी मुख्याध्यापकांना शब्द टाकला आणि लेक वर्गात बसली. एवढ्यावर भागलं नाही. काकूंकडं एक जुनं शिलाई मशीन पडून होतं, तेही त्यांनी मला दिलं. 'पडून गंजण्यापेक्षा तू चालव,' म्हणाल्या. त्या मशीनवर मी शाळेचे गणवेश, गाईडचे निळे पोशाख आणि स्कार्फ शिवायला लागले. म्हणजे मी डोक्यावरच्या छपरापासून पायाखालच्या मशीनच्या पायट्यापर्यंत काकूंच्या उपकारात होते. आणि उपकारात असलेल्या माणसाची मान कशी असते ते मला विचारा. ती सारखी हो म्हणायच्या तयारीत असते.

शाळेनं पालकांची सभा घेतली. गाईडच्या बाई खुर्चीवर, आम्ही सतरंजीवर. बाईंनी सांगितलं, की दोरीच्या गाठी आणि प्रथमोपचार मी शिकवते, चूल पेटवणं मुलींना येतंच, पण सत्कृत्याच्या वहीकडं पालकांनी लक्ष द्यायचं.

"रोजचं एक सत्कृत्य. एकही दिवस रिकामा नको," बाई म्हणाल्या. "परीक्षक ठाण्याहून येतात. रिकामं पान दिसलं की ते थांबवतात."

एका आईनं विचारलं, "बाई, धुणंभांडी केली तर चालेल?"

"ते घरकाम झालं. सत्कृत्य वेगळं."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरची धुणंभांडी?"

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांना हा प्रश्न खरंच समजला नाही. त्यांच्याकडं धुणंभांड्याला बाई येत होती.

दिवाळीनंतर मी रोज सकाळी लेकीच्या मागं लागायचे. "आज काय करणार गं?" ती म्हणायची, "बघते ना आई, आत्ता कुठं दिवस उगवलाय." मला धीर निघायचा नाही. मी तिच्यासाठी सत्कृत्यं शोधत फिरायचे. कुणाची शेळी सुटलीय का, कुणाचं पोर रडतंय का. आमच्या आळीत लोकांच्या अडचणीच कमी पडायच्या. एकदा शेजारणीनं स्वतःची घागर स्वतः उचलली तर मला तिचा राग आला, की माझ्या लेकीला द्यायला काय झालं होतं?

अशात एका बाजाराच्या दिवशी मीच लेकीला म्हटलं, "नाक्यावर जा. खालच्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर ओझी घेऊन चढ चढून येतात. कुणाची तरी टोपली घे नि बाजारापर्यंत नेऊन दे. झालं की नाही?"

मला वाटलं मी फार शहाणपणाचं बोलले.

लेक गेली. वावर-वांगणीकडची एक म्हातारी उडदाची टोपली घेऊन येत होती, अर्धी वाट पायी आणि अर्धी जीपच्या टपावर. चढ संपतो तिथं लेकीनं पुढं होऊन तिच्या डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि चालायला लागली. तर म्हातारीनं असा काही आरडाओरडा केला, की नाक्यावरची माणसं गोळा झाली.

"सोड! सोड गो! नाय देयाची मना तुमच्या दुकानात! सोड सांगते!"

लेक गोंधळून टोपली घेऊन पळालीच, आणि पळाली ती घराकडं. म्हणजे काकूंच्या दुकानाच्या दिशेनं. म्हातारीनं तिला गाठलं, टोपली हिसकावली, निम्मे उडीद रस्त्यावर सांडले. म्हातारी खाली बसून एकेक दाणा वेचायला लागली आणि माझी लेक तिच्यासमोर उभी राहून रडायला लागली.

आम्ही बाहेरगावचे, आम्हाला ठाऊक नव्हतं. जव्हारच्या बाजारात तेव्हा एक रीत होती. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्यांची माणसं सकाळीच नाक्यावर उभी राहायची. पाड्यावरून कुणी उडीद, वरई, खुरासणी घेऊन आलं, की पुढं होऊन डोक्यावरची टोपली उतरवून घ्यायची. प्रेमानं. 'ये मावशी, दमलीस, आण इकडं.' आणि टोपली सरळ दुकानात. एकदा माल काट्यावर चढला की तो विकला गेला. भाव दुकानदार सांगेल तो, वजन दुकानदार वाचेल ते. म्हणजे ज्याला माझ्या लेकीच्या वहीत सत्कृत्य म्हणतात, ते हुबेहूब तसंच करून नाक्यावर लुबाडायची पद्धत होती. आणि मी माझ्या लेकराला शिकवून सवरून तिथं धाडलं होतं.

लेकीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "मग आजचं काय लिहिणार?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि वही घेऊन ओट्यावर जाऊन बसली. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. रोजची वही ती बाईंना दाखवायची, बाई सही करायच्या, म्हणजे ठीकच असणार. बाई ती वाचत नाहीत, निस्त्या सह्या करतात, हे मला पुढं कळलं.

डिसेंबर उजाडला. काकू एकदा आमच्या दारात आल्या. त्यांच्या मुलाला तीन-चार वर्षांपूर्वी राज्य पुरस्कार मिळाला होता. त्याचं प्रमाणपत्र दुकानात, बरोबर काट्याच्या वर, फ्रेम करून लावलेलं होतं. काकूंनी मुलाची जुनी वही आणली होती.

"अगं, ही बघायला दे तिला. याच वहीवर याला पुरस्कार मिळाला. सगळं कसं छान लिहिलंय. नाहीतर मुलींना सुचत नाही काय लिहायचं."

मी वही दोन्ही हातांनी घेतली. लेक शाळेत सरावाच्या शिबिराला दोन दिवस राहिली होती. दुपारी निवांत मी ती वही उघडली. काय अक्षर! आणि काय मजकूर! 'आज मी एका वृद्ध आजीबाईंना रस्ता ओलांडण्यास मदत केली. त्यामुळे मला खूप आनंद झाला.' 'आज मी एका अंध व्यक्तीस बसमध्ये बसवून दिले.' 'आज मी रस्त्यात पडलेला काटा उचलून बाजूस टाकला.' एक दिवस रिकामा नाही. आणि प्रत्येक दिवशी आनंद झालेला. मी तेव्हा विचार केला नाही, की जव्हारच्या रस्त्यावर तासाला एक गाडी जाते, तो ओलांडायला आजीबाईला दुसऱ्याचा हात कशाला लागतो. मला वाटलं, लिहावं ते असं.

मग मी लेकीची वही काढली. पहिल्यांदाच.

पहिल्या आठवड्यातच एका पानावर एकच ओळ: 'आज काही सत्कृत्य झाले नाही.' चार दिवसांनी परत तेच. 'आज करायचे होते पण कंटाळा आला.' हे परीक्षकांनी वाचलं म्हणजे? आणि पुढं ते बाजाराचं पान. तिनं सगळं लिहिलं होतं. म्हातारी कशी ओरडली, उडीद कसे सांडले. आणि खाली: 'आम्ही ज्यांच्याकडे राहतो त्यांच्या दुकानातली माणसे पण अशीच टोपल्या उतरवतात. म्हणून आजीला वाटले की मी त्यांच्यापैकी आहे. हे सत्कृत्य नव्हते.'

त्याच्याखाली बाईंची सही. लाल शाईत.

खोटं कशाला सांगू. माझ्या डोळ्यांसमोर म्हातारी आली नाही. काकू आल्या. हे पान काकूंच्या हाताला लागलं तर? ठाण्याच्या माणसानं भर सभेत वाचलं तर? ज्यांनी खोली दिली, मशीन दिलं, शाळेत शब्द टाकला, त्यांच्याविषयी माझ्या लेकीनं शाईनं लिहून ठेवलंय! मी दुकानातून नवी वही आणली आणि त्याच दुपारी लिहायला बसले. लेकीच्या अक्षराचं वळण बघून बघून, सातवी सोडल्यापासून पहिल्यांदा एवढं लिहिलं. काकूंच्या मुलाची आजीबाई मी माझ्या लेकीच्या हातानं रस्ता ओलांडून नेली. अंध माणसाला बसमध्ये बसवलं. काटा उचलला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिवाळीपासूनचे सगळे दिवस भरले. एकही रिकामा नाही. रोज आनंद.

तयार स्कार्फचा गठ्ठा द्यायला शाळेत गेले तेव्हा वही बाईंना दिली. म्हटलं, "बाई, लेकीच्या हातून जुन्या वहीवर तेल सांडलं, म्हणून नवी उतरवून काढली."

बाई म्हणाल्या, "बरं केलंत." आणि तिथंच चहा पिता पिता सगळ्या दिवसांखाली सह्या करत गेल्या. एका कपात सगळे महिने संपले. एक ओळ वाचली नाही. तेव्हा मी मनात त्यांचे आभार मानले. आज त्या सह्या आठवल्या की हसू येतं, आणि ते काही चांगलं हसू नसतं.

राहिली जुनी वही. ती फाडून मी तिच्या पानांचे कागदी साचे कापले. शिवणारणीच्या घरात कागद वाया जात नाही. कॉलरचे, बाहीचे, खिशाचे. लेक घरी आली नि म्हणाली, "आई, माझी वही?"

"बाईंकडं दिली. आता परीक्षेपर्यंत तिथंच राहणार."

माझी जीभ जराही अडखळली नाही.

तिसऱ्या सोपानाचं शिबिर गावाबाहेर शिरपामाळला होतं. तिथला वारा तंबूच्या खुंट्या उपटतो, म्हणून पोरींनी दगड लावून ठेवले होते. मुलींच्या परीक्षक बाई आजारी पडल्या होत्या. मुलांचे सर होते त्यांनीच दोन्हीकडचं बघायचं ठरलं. वयस्क होते, गळ्यात शिट्टी, पोट पट्ट्याच्या वरून बाहेर. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. आम्ही सतरंजीवर. काकू आल्या होत्या, त्यांनी सगळ्या मुलांसाठी जिलबी आणली होती. त्यांना मात्र खुर्ची.

लेकीच्या गाठी एका दमात झाल्या. जखमेवरची पट्टी अशी बांधली, की सरांनी दुसऱ्यांना दाखवली. दोन काड्यांत चूल पेटवली. बाकीच्या पोरींनी डबीत रॉकेलचा बोळा आणला होता आणि त्या दुसरीकडं बघत होत्या, तसे सरही दुसरीकडं बघत होते. मग आल्या वह्या. झाडाखाली टेबल, सर वही उघडायचे, पानं भराभर उलटायचे.

"आजीबाई गेली का पलीकडे?"

"गेली सर!"

सही.

"तुझी?"

"गेली सर!"

सही.

"ही आजीबाई मी किती वर्षं बघतोय," सर शेजारच्या बाईंना म्हणाले, "अजून काही तिचा रस्ता संपत नाही." दोघं हसले. आणि सही चालूच. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! मला हायसं वाटलं. मी म्हटलं, चला, आता आपल्यालाही अडचण नाही.

लेकीचा नंबर आला. सरांनी वही उघडली.

"तुझीपण आजीबाई. गेली का?"

लेकीनं पानावर बघितलं. वाकून बघितलं. पान उलटलं, अजून एक उलटलं. मग म्हणाली, "सर, हे माझं अक्षर नाही."

"मग कुणाचं?"

तिनं निस्तं सतरंजीकडं बघितलं. पन्नास माणसांत तिला मी लगेच सापडले.

"आईनं लिहिलंय," ती म्हणाली.

पाठीमागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाई लगबगीनं म्हणाल्या, "सर, जुन्या वहीवर तेल सांडलं होतं. उतरवून काढलीय, बाकी काही नाही."

"मग झालं तर. तूच केलीस ना ही कामं?" सर म्हणाले. "हो म्हण, सही करतो. तुझं बाकी सगळं उत्तम आहे पोरी."

"नाही सर. हे मी केलं नाही."

"अगं, हो म्हण की!"

"गाईड विश्वसनीय असते सर. पहिला नियम."

पोरं खो खो हसली. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांना त्यांचाच नियम एका आठवीतल्या पोरीनं ऐकवला होता, आणि नियम ऐकून एवढा अवघडलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"मग खरी वही आण. समारोपाच्या आत. नाहीतर पुढच्या वर्षी ये."

पुढच्या वर्षी! मी उठलेच. चप्पल घातली की नाही आठवत नाही. शिरपामाळवरून घरापर्यंत मी पळत-चालत आले. मशीनच्या बाजूच्या पिशवीत साचे होते. बाह्या, खिसे, कॉलरी, सगळे ओतले नि निवडायला लागले. उडदाचं पान मला लगेच सापडलं. त्याचा मी कॉलरचा साचा केला होता, पण मजकूर जवळजवळ सगळा राहिला होता. 'हे सत्कृत्य नव्हते' हेसुद्धा.

ते हातात धरून मी उभी राहिले. सर्वांत खरं पान तेच होतं, एवढं सातवीपर्यंत शिकलेलीलाही कळत होतं. आणि तिकडं काकू खुर्चीवर बसलेल्या होत्या.

मी ते पान मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, वर रिळं ठेवली, बाकीचे तुकडे पिशवीत भरले आणि परत पळाले.

सरांनी पिशवी टेबलावर उलटी केली. "हे काय आहे? वही आहे का ब्लाऊज?" सगळं शिबिर हसलं. मीही हसले. तेवढं मला येत होतं. सरांनी एक बाही उचलली आणि मोठ्यानं वाचलं, "आज काही सत्कृत्य झाले नाही." एक खिसा उचलला, "आज करायचे होते पण कंटाळा आला." पोरं पोट धरून हसत होती. लेक सावधानमध्ये उभी होती. तुकड्यांवरून तिची नजर एकदा फिरली, परत एकदा फिरली. मी मान खाली घातली.

"एवढ्यावर मी काय सही करू?" सर म्हणाले. "एक तरी सांग. तोंडी सांग. खरं केलेलं."

तिनं जरा विचार केला. मग तिनं नाक्यावरची ती गोष्ट सांगितली. सगळी. टोपली, आरडाओरडा, दुकानातली माणसं, सांडलेले उडीद. एक शब्द गाळला नाही. आणि मग तिनं असं काही सांगितलं, जे मलाही ठाऊक नव्हतं.

"मग सर, पुढच्या बाजाराला मी आजीकडे गेले. माफी मागायला. ती म्हणाली, बस गो. मग कळलं की ती सकाळपासून पाणी पीत नाही. कारण टोपली सोडून नळावर गेली, की कुणीतरी टोपली उचलून काट्यावर नेतं. म्हणून मी टोपलीजवळ बसले आणि ती पाणी पिऊन आली. आता दर बाजाराला बसते. तेवढंच."

पोरं हसायची थांबली. माझे कान मात्र काकूंच्या खुर्चीकडं होते. आता काय होतंय? आता खोली गेली, मशीन गेलं.

काकू हसल्या. अगदी मोकळं, मोठ्यानं.

"अगं बाई, म्हणजे आमचाच माणूस की तो!" काकू शेजारणीला म्हणाल्या. "मग काय करणार? आपण नाही उतरवली टोपली तर पलीकडचा उतरवतो. बाजार आहे तो." आणि लेकीला म्हणाल्या, "हुशार हो पोरगी! ये, तू दोन जास्त घे."

त्यांनी खरोखर तिच्या हातावर दोन जिलब्या जास्त ठेवल्या.

मी कशासाठी दोन दुपारी हात मोडून घेतले, कशासाठी लेकराच्या वहीच्या बाह्या कापल्या, कशासाठी ते पान रिळांखाली दडवलं? मी ज्याच्यावर पांघरूण घालत होते, ते त्यांना झाकण्यासारखं वाटतच नव्हतं. प्रमाणपत्राशेजारी तेही फ्रेम करून लावलं असतं त्यांनी.

सरांनी निकालाच्या यादीत तिच्या नावापुढं सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सेवा: समाधानकारक.' मी डोकावून बघितलं, आजीबाईला पलीकडं नेणाऱ्या सगळ्यांच्या पुढंही तेच लिहिलं होतं. तरी मी सरांना हात जोडले. म्हटलं, "साहेब, फार उपकार झाले." मला दुसरं काय येतं? आणि काकूंनाही म्हटलं, कशाबद्दल ते आजवर मला सांगता आलेलं नाही.

वाटेत लेक पुढं चालत होती. जिलब्यांचा पाक तिच्या हाताला लागला होता, तो तिनं गवताला पुसला. मला वाटलं आता विचारील, त्या पानाचं काय केलंस. मी उत्तर तयार करत चालले होते. वाऱ्यानं उडालं म्हणावं, की उंदरानं खाल्लं म्हणावं. तिनं विचारलंच नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आई, नवी वही घेऊन दे. पण ती तू वाचायची नाही."

"नाही वाचणार," मी म्हटलं.

चार दिवसांनी ती शाळेत गेली तेव्हा वाचली. असल्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे तिला तोपर्यंत कळायला हवं होतं. पहिल्या पानावर शिरपामाळच्या दिवसाची तारीख होती, आणि खाली एकच ओळ.

'आज मी आईला काही विचारले नाही.'